हक्काचा माणूस

मराठीत राग आणि रुसवा असे दोन निराळे शब्द आहेत, आणि ते निराळे असण्याला कारणही आहे. राग कोणाचाही येतो. वाहक सुटे पैसे परत देत नाही, गाडी दोन तास उशिरा येते, कचेरीतला कारकून 'उद्या या' म्हणतो. आपण रागावतो आणि थोड्या वेळाने विसरून जातो. रुसवा मात्र आपल्या माणसावरच धरता येतो. परक्यावर रुसून बसलेला मनुष्य आमच्या तरी पाहण्यात नाही. रुसणाऱ्याच्या मनात एक अबोल दावा असतो की, हा माझा आहे, याच्यावर माझा काही हक्क आहे आणि तो याने ओळखला नाही. घरच्या माणसांच्या बाबतीत हे सारे सरळ आहे. परंतु ज्याच्याशी आपण जन्मात एक शब्द बोललो नाही, ज्याला आपले नावगाव ठाऊक नाही, जो वेतन घेऊन आपले काम करीत होता आणि दुसरे काम मिळताच निघून गेला, अशा माणसावर हजारो लोक एकाच दिवशी रुसतात, तेव्हा त्या रुसव्याचे काय करावे? खुळेपणा म्हणून तो झटकून टाकावा, की त्यात न्याय्य असेही काही असते?

आम्हांला हा प्रश्न पडला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. मुंबई सिटी एफ. सी. या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनी ऐन हंगामात संघ सोडला आणि ते इंग्लंडातील ऑक्सफर्ड युनायटेड या क्लबकडे गेले. त्या दिवशी इंडियन सुपर लीगच्या त्या हंगामात संघ एकही सामना हरलेला नव्हता.

शिरूर आणि दौंड हा काही फुटबॉलचा मुलूख नव्हे. आमच्याकडे खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि अर्थातच क्रिकेट. तरी दौंडच्या रेल्वेच्या नोकरीतली आणि शिरूर-रांजणगावच्या कारखान्यांतून कामाला असलेली, हा खेळ मनापासून पाहणारी थोडी मंडळी आहेत. 'आम्ही' म्हणतो ते त्यांना धरून. जिल्ह्याचे म्हणावेत असे दोन मोठे संघ पुण्यात होऊन गेले. २००७ साली निघालेला पुणे एफ. सी. २०१५ मध्ये बंद पडला, आणि २०१४ मध्ये आलेला एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये. म्हणजे प्रशिक्षक सोडून जाण्याची आम्हांला सवय व्हावी, त्याआधीच क्लब सोडून जाण्याची सवय झाली होती. त्यानंतर आमच्यांतील पुष्कळांनी मुंबईचा संघ आपला मानला; दत्तक घेतला म्हणा ना. दत्तक घेतलेल्यावर माया कमी असते असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी मुंबईने आपले घरचे मैदान म्हणून पुण्याचे बालेवाडी निवडले, तेव्हा १८ सप्टेंबरच्या रात्री इराणच्या नस्साजी माझंदरान संघाविरुद्धचा सामना पाहावयास आमच्यांतील काही जण दौंडहून शटलने, काही शिरूरहून एस. टी.ने गेले होते. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. रस्ते मूर्ती आणि मखरांनी भरलेले. मुंबई दोन गोलांनी हरली. परतीच्या वाटेवर कोणी प्रशिक्षकाला नावे ठेवल्याचे स्मरत नाही. दोन महिन्यांनी ते गेले तेव्हा मात्र तीच तोंडे कडू झाली.

बकिंगहॅम यांनी काय दिले ते आधी नोंदविले पाहिजे, कारण रुसव्याची पहिली खोड ही की तो जमेची बाजू झाकून ठेवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आले. पहिल्या हंगामात संघ पाचव्या क्रमांकावर घसरला आणि बाद फेरीत पोहोचलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड आणि चषक ही दोन्ही मुंबईकडे होती, हे ध्यानात घेता ही घसरण लहान नव्हती. मालकांनी त्यांना काढले नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला मुंबईने २-१ असे हरविले; आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळविलेला तो पहिला विजय. पुढचा, २०२२-२३ चा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगण्याची गरज नाही: लागोपाठ अठरा सामने अपराजित, वीस सामन्यांत ५४ गोल, आणि दोन सामने शिल्लक असतानाच शील्ड हातात. पुढे उपान्त्य फेरीत बंगळूरुने पेनल्टीवर बाहेर काढले, तो भाग वेगळा. आकड्यांपेक्षा आमच्या लक्षात राहिले ते हे की, भारतीय तरुण खेळाडू चेंडूला भीत नाहीत असे त्या संघाकडे पाहताना वाटे. चेंडू पायाशी आला की तो लांब भिरकावून मोकळे होण्याची आपल्याकडील जुनी रीत त्यांनी मोडून काढली.

मग बातमी आली, आणि दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, गद्दार. दुसरा म्हणाला, अहो, हा धंदा आहे. त्याने नोकरी बदलली, तुम्हांला रडू कशाचे येते? आम्हांला दोन्ही बोलणी अपुरी वाटली, आणि दुसरे पहिल्याहून अधिक, कारण ते शहाणपणाचा आव आणते.

धंद्याची भाषा बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की वेतन दिले, काम घेतले, हिशेब मिटला. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांवरील आपल्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. वैद्याला आणि गुरूला आपण मोबदला देतो. मग त्यांचे ऋण उरते कसे? त्याचे उत्तर साधारणपणे असे: जो वैद्य अनेक रोग्यांतील एक म्हणून माझी नाडी पाहून गेला, त्याला त्याचे पैसे पोहोचले की आमचे देणेघेणे संपले. पण ज्याने माझ्यासाठी काळजी वाहिली, कामापुरते करून न थांबता जो अधिक काही करीत राहिला, त्याला मी फी देतो ती त्याच्या श्रमाची. त्याच्या आस्थेचे मोल तसेच बाकी राहते. म्हणजे पगार दिला म्हणून नाते संपत नाही. खेड्यातील शाळामास्तरांचा पगार जिल्हा परिषद देते, तरी चाळीस वर्षांनी म्हातारा विद्यार्थी बाजारात भेटलेल्या मास्तरांच्या पाया पडतोच. त्याला कोणी 'हिशेब मिटला होता' असे सांगत नाही.

मात्र सेनेकाचे हे उत्तर नीट पाहिले तर रुसणाऱ्यांच्या कामी ते येत नाही, उलट अंगावर येते. ऋण उरते ते आपल्याकडे. त्यांनी दिले, आपण घेतले. रुसणारा मात्र असे धरून चालतो की देणे त्यांच्याकडून यावयाचे आहे. यावर कोणी म्हणेल, पाठीराख्यांनीही दिले की! वेळ दिला, आवाज दिला, रात्री जागविल्या, तिकिटाचे आणि प्रवासाचे पैसे घातले, तेही कोणत्याही कराराविना. खरे आहे. परंतु ते कोणाला दिले? मुंबई सिटीच्या निळ्या रंगाला दिले. बकिंगहॅम येण्यापूर्वीही ते दिले जात होते आणि ते गेल्यावरही दिले गेले. आपण एकाला दिलेल्या गोष्टीची परतफेड दुसऱ्याकडे मागतो आहोत, हे रुसलेल्याच्या ध्यानी येत नाही.

गद्दारीचा आरोप तर आणखीच लवकर ढासळतो. ऑक्सफर्ड हे बकिंगहॅम यांचे जन्मगाव. लहानपणी ते याच क्लबच्या मुलांच्या संघात गोलरक्षक होते आणि प्रशिक्षणाची पहिली उमेदवारीही त्यांनी तेथेच केली. त्यानंतर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मुंबई असा मुलूख पालथा घातल्यावर गावाकडून बोलावणे आले. या बोलावण्याचा अर्थ दौंडच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. जंक्शनचे गाव ते. निम्मे लोक बाहेरून आलेले, आणि निम्म्यांची मुले बाहेर गेलेली. कुर्कुंभच्या किंवा रांजणगावच्या वसाहतीत विदर्भ-मराठवाड्यातून आलेला कामगार, आपल्या तालुक्यात तशीच नोकरी निघाली तर महिनाअखेर गाठोडे बांधणार नाही काय? आणि तो निघाला तर यंत्रावर शेजारी उभा राहणारा सोबती त्याला गद्दार म्हणेल काय? डब्यातला अर्धा घास त्याला देईल आणि 'पोहोचल्यावर फोन कर' म्हणेल. त्याला वाईटही वाटेल.

शिवाय ही एकाच जाण्याची गोष्ट नव्हती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ब्रिस्टल सिटी या क्लबने आपले प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांना काढले. त्यांच्या जागी ऑक्सफर्डचे लियम मॅनिंग यांना नेले; त्या वेळी ऑक्सफर्ड आपल्या श्रेणीत दुसऱ्या क्रमांकावर होते, तेव्हा तेथील लोकांच्या जिवाला काय लागले असेल ते आपण जाणतो. ऑक्सफर्डने मुंबईचे बकिंगहॅम नेले. मुंबईने डिसेंबरात मेलबर्न सिटीचे साहाय्यक पेत्र क्रात्की यांना आणले. बकिंगहॅम यांनाही दोन वर्षांपूर्वी त्याच मेलबर्नमधून आणले होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांची यादी लागते तेव्हा असेच होते. एका वाडीत मुले गुरुजींच्या गाडीमागे रडत धावतात, त्याच वेळी दुसऱ्या वाडीत नवे गुरुजी आले म्हणून नारळ फुटतो, आणि तो नारळ ज्यांच्यासाठी फुटला ते तिसऱ्या वाडीला रडवून आलेले असतात. आपल्या वाडीचे रडणे आपल्याला ऐकू येते, एवढेच.

गोव्याच्या मंडळींना हे मुंबईकरांआधी कळले. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीचे तीन सामने उरले असताना आणि संघ तक्त्याच्या अग्रभागी असताना, एफ. सी. गोवाने आपले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. जाणारा स्वतः गेला नाही, त्याला घालविले. उरलेले तिन्ही सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली जिंकून गोव्याने शील्ड मिळविली. त्याच वर्षी लोबेरा मुंबईला आले. त्यांच्यापाठोपाठ ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई असे गोव्याचे मोहरे मुंबईच्या निळ्या सदऱ्यात दिसू लागले; आणि २०२१ च्या मार्चमध्ये उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवून पुढे चषक जिंकला. बांबोळीचे मैदान महामारीमुळे रिकामे होते, म्हणून गोव्याच्या लोकांना तो देखावा निदान घरूनच पाहावा लागला. मुंबईच्या गोटात त्या रात्री निष्ठा या विषयावर चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही. सात महिन्यांत लोबेराही गेले. नवा हंगाम तोंडावर आला असताना, क्लबचे मालक असलेल्या समूहातच दुसरे काम घेऊन. निष्ठेची मागणी आपण बहुधा आपल्याकडून जाणाऱ्याकडे करतो. आपल्याकडे येणाऱ्याला ती आड येऊ नये, अशीच आपली इच्छा असते.

येथे आमच्या शिरूरची एक जुनी हकीगत आठवते. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती तेव्हा कर्नल विल्यम वॉलेस हे तेथील अधिकारी होते. १८०९ साली ते तेथेच वारले. त्यांच्या थडग्याला आसपासच्या गावांतील लोक 'सत्पुरुषा'चे स्थान मानून भजत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवीत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. परदेशी अधिकारी, कामासाठी आलेला, वेतन घेणारा. भाषा निराळी, धर्म निराळा. त्याच कर्नलसाहेबांची बढती होऊन ते मद्रासेला किंवा विलायतेला गेले असते तर? लोकांनी चार दिवस आठवण काढली असती आणि पाचव्या दिवशी नव्या साहेबाचा स्वभाव कसा आहे याची चौकशी सुरू झाली असती. मरणाने नेलेल्याला आपण सहज क्षमा करतो, कारण त्याने आपल्याहून दुसरे काही अधिक पसंत केले असे म्हणता येत नाही. जिवंतपणी जाणाऱ्याने मात्र निवड केलेली असते, आणि त्या निवडीत आपण मागे पडलेले असतो. खुपते ते हे. ऑक्सफर्ड तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होते. आशियातील थोर संघांशी झुंजणारा आपला संघ तिसऱ्या श्रेणीसाठी सोडावा, हे ऐकून कित्येकांना आपल्या घराची कोणी भर बाजारात किंमत सांगितल्यासारखे झाले.

मग बकिंगहॅम यांचे काहीच चुकले नाही काय? आमच्या मते प्रश्न जाण्याचा नसून जाण्याच्या वेळेचा होता. लिव्हरपूलचे युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले की हंगाम संपताच आपण जाणार. निरोप घ्यावयास लोकांना चार महिने मिळाले. रिअल माद्रिदचे झिनेदिन झिदान २०१८ मध्ये लागोपाठ तिसरा युरोपीय चषक जिंकून पाचव्या दिवशी गेले; धक्का बसला, पण हंगाम पुरा झालेला होता, कोणाचे ताट अर्धे राहिले नाही. मुंबईचे ताट अर्धे होते. ऑक्सफर्डची खुर्ची रिकामी होती आणि ती मे महिन्यापर्यंत कोणी राखून ठेवली नसती, हे बकिंगहॅम यांच्या बाजूने सांगता येईल, आणि ते खरेही आहे.

पण या अर्ध्या ताटावर पहिला हक्क कोणाचा? येथे आमचे अनेक मित्रांशी वाजले आहे, तरी मत सांगून टाकतो. पाठीराख्यांचे दुःख सर्वांत मोठे होते. हक्क मात्र सर्वांत मोठा खेळाडूंचा होता. एखाद्या तरुणाने या प्रशिक्षकाच्या हाताखाली आणखी वर्षभर शिकावयास मिळेल म्हणून दुसरीकडचे बोलावणे नाकारले असेल. एखादा दुखापतीतून उठत असेल आणि 'तू बरा हो, तुझी जागा आहे' एवढ्या शब्दावर विसंबून असेल. ज्याला शब्द दिला जातो त्याचा हक्क तयार होतो. आम्ही शिरूर-दौंडात बसून ऐकत होतो, आम्हांला कोणी शब्द दिला नव्हता. दुःखाच्या आकारावरून हक्काचा आकार मोजण्याची चूक आपण घराघरांतून करतो. लेक परदेशी गेला की सर्वांत मोठ्याने रडणारा चुलता हाच सर्वांत मोठा दावेदार आहे असे आपण समजतो, आणि जी मुकाट्याने भांडी घासत असते तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मात्र हक्क नसलेले दुःख खोटे असते, असेही आम्ही म्हणणार नाही. 'हक्काचा माणूस' या शब्दांतला हक्क कोर्टात मांडण्याजोगा कधीच नसतो. मध्यरात्री ज्याचे दार वाजवावे तो हक्काचा. त्याने दार उघडलेच पाहिजे असा कायदा नाही, पण तो उघडील या भरवशावर माणसे जगतात. फुटबॉलच्या प्रशिक्षकावर असा भरवसा टाकणे वेडगळ असेल. ज्याला असे वेड कधी लागलेच नाही, त्याला अठरा सामन्यांचा तो आनंदही मिळाला नाही. कृतज्ञता आणि रुसवा या दोहोंपैकी एक खरी आणि एक खोटी ठरविण्याची जी घाई होते, ती आम्हांला समजत नाही. बहीण सासरी जाताना भाऊ हसतोही आणि डोळेही पुसतो. तेथे त्याला 'नक्की काय ते ठरव' असे कोणी म्हणत नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. ४ मे २०२४ रोजी क्रात्की यांच्या मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक जिंकला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १८ मे रोजी, वेम्बली मैदानावर बकिंगहॅम यांच्या ऑक्सफर्डने बोल्टनला २-० नमविले आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत पाऊल ठेवले. आमच्यांतील ज्यांनी नोव्हेंबरात त्यांचे नाव टाकले होते तेही त्या संध्याकाळी वेम्बलीचा निकाल पाहत होते. का पाहता, असे विचारल्यावर 'सहज' म्हणाले. जून २०२५ मध्ये लियम मॅनिंगही ब्रिस्टल सोडून आपल्या जन्मगावी, नॉर्विचला गेले, आणि नोव्हेंबरात तेथून त्यांना काढण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल समूहानेही मुंबईच्या क्लबमधून अंग काढून घेतले. प्रशिक्षक गेल्यावर झाला तसला गलका मालक गेल्यावर आमच्याकडे झाला नाही; मालकावर कोण रुसतो?

बकिंगहॅम यांना ऑक्सफर्डने १५ डिसेंबर २०२४ रोजी दूर केले. वेम्बलीच्या त्या दिवसाला सात महिनेही झाले नव्हते. दौंडच्या फलाटावर ही बातमी फोनवर वाचून एक जण 'बरे झाले' म्हणाला आणि मग त्याला ते बोलणे आवडले नसावे, कारण शटल येईपर्यंत तो ऑक्सफर्डच्या कारभाऱ्यांना शिव्या देत होता.